सणाची धांदल आणि मनाचें स्वास्थ्य



सण हा आनंदासाठीं असतो, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु दिवाळी दोन दिवसांवर आली असतां आपल्याच घरांत कोणते शब्द ऐकूं येतात, याची आठवण प्रत्येकानें क्षणभर करून पाहावी. "अजून चकलीची भाजणी दळून आणलेली नाहीं!" "पणत्यांचा डबा कोठें ठेवला आहे?" "या मुलांना कोणी तरी बाहेर घेऊन जा रे!" "एवढे पैसे गेले तरी कोठें?" दिव्यांची रांग अजून लागावयाची असते, रागाची वात मात्र केव्हांच पेटलेली असते. ज्या चार दिवसांची वाट वर्षभर पाहिली, ते येतांच घरांतील माणसें एकमेकांवर खेंकसूं लागतात, आणि भाऊबीज आटोपली कीं, "सुटलों एकदांचे!" म्हणून सुस्कारा टाकतात. ज्यांतून सुटल्याचा आनंद व्हावा, तो सण कसला? या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करावा, एवढ्यासाठींच हा लेख आहे.

आपल्या वार्षिकाचा अंक तुमच्या हातीं पडेल तेव्हां दिवाळी होऊन गेलेली असेल. मग आतां हा विषय कशाला, असें कोणी विचारील. घर गळतें तें पावसाळ्यांत. पण तें शाकारावयाचें असतें उन्हाळ्यांत, हेंच त्याला उत्तर.

माझ्या लहानपणची एक गोष्ट प्रथम सांगतों. आमच्या घरीं आजी, आईवडील, थोरली बहीण, मी आणि धाकटा भाऊ अशीं आम्ही सहा माणसें होतों. दिवाळीचा फराळ सगळा घरींच होत असे, आणि तो सगळा आई एकटी करीत असे. आम्ही मुलें अंगणांत किल्ला बांधण्यांत गुंग. वडील कचेरीच्या कामांत. आजीचे डोळे अधू झालेले. एका वर्षीं आमची परीक्षा उशिरां संपली, पाहुण्यांचें येणें अचानक ठरलें, आणि सारें काम शेवटच्या तीन रात्रींवर येऊन पडलें. त्या तीन रात्रींत केव्हांही जाग आली, तरी स्वयंपाकघरांतून स्टोव्हचा आवाज ऐकूं येई.

नरकचतुर्दशीच्या पहाटें आईनें बंब पेटविला, पाट मांडले, भोंवतीं रांगोळी काढली, आणि एकेकाला उठवून तेल-उटणें लावून न्हाऊं घातलें. आम्ही नवे कपडे घालून अंगणांत गेलों, फुलबाज्या लावल्या, आणि पोटांत कावळे ओरडूं लागले तेव्हां घरांत येऊन आईला हांका मारूं लागलों. आई भिंतीला टेकून बसल्या जागींच झोंपली होती. अंगावर कालचेंच लुगडें होतें. त्यावर पिठाचे डाग होते. शेजारीं तेलाची वाटी होती; तळाशीं थोडें तेल उरलें होतें. आजी चांचपडत तेथें आली. तिनें आईच्या केंसांवरून हात फिरविला आणि ती म्हणाली, "अरे, सगळ्यांचीं डोकीं भिजलीं, हिचें कोरडेंच राहिलें कीं!"

वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं हलकेच दार लोटून घेतलें आणि आम्हांला ओटीवर नेऊन बसविलें. त्या दिवशीं आमच्या घरीं फराळ दहा वाजतां झाला.

घरांत कशाचीही उणीव नव्हती. डबे भरलेले होते, तोरण लागलें होतें, आकाशकंदील डोलत होता. परंतु जिनें हा सण उभा केला, तीच सणाच्या बाहेर राहिली होती. तेव्हांपासून मला असें वाटत आलें आहे कीं, सणाच्या कामांत व्यवस्था हवी ती दिमाखासाठीं नव्हे, शेजाऱ्यांनीं वाखाणावें म्हणूनही नव्हे. घरांतील एकही माणूस सणाच्या बाहेर राहूं नये, म्हणून ती हवी.

कामें फार असतात म्हणून धांदल होते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. आपण कामें आधीं मोजीत नाहीं. मोजलीं तरीं तीं वांटीत नाहीं. आणि अनावश्यक कामें सोडावयास आपलें मन धजत नाहीं. मोजणें, वांटणें आणि सोडणें या तीन गोष्टी क्रमानें पाहूं.

१. मोजणें

दिवाळी केव्हां येणार, हें कोणापासून लपलेलें नसतें. तरी ती दरवर्षीं आपल्याला अचानक आल्यासारखी वाटते. याचें एक कारण असें कीं, ती इंग्रजी तारखेला बांधलेली नाहीं. चांद्र मास सुमारें साडेएकोणतीस दिवसांचा असतो. असे बारा मास मिळून सुमारें ३५४ दिवस होतात. म्हणजे सौर वर्षापेक्षां जवळजवळ ११ दिवस कमी. म्हणून आपले सण दरवर्षीं दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, आणि मध्यें अधिक मास आला म्हणजे एकदम पुढें जातात. सन २०२४ मध्यें लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालें. सन २०२५ मध्यें महाराष्ट्रांत तें २१ ऑक्टोबरला आलें. आणि सन २०२६ मध्यें अधिक ज्येष्ठ मास असल्यामुळें तें ८ नोव्हेंबरला पडतें. कधीं कधीं दोन दिवस एकत्रही येतात. सन २०२३ मध्यें नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन हीं दोन्ही १२ नोव्हेंबर या एकाच दिवशीं होतीं. गेल्या वर्षीं इतके दिवस हातीं होते, म्हणून यंदाही तितकेच असतील, असें धरून चालणारा मनुष्य फसतो तो यामुळेंच.

तेव्हां नवी दिनदर्शिका घरीं आली कीं आश्विन वद्य द्वादशीची वसुबारस, पुढील धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, अमावास्येचें लक्ष्मीपूजन, कार्तिक शुद्ध प्रतिपदेचा पाडवा आणि द्वितीयेची भाऊबीज यांच्या तारखांवर खूण करावी. शाळेच्या सत्रपरीक्षेचा शेवटचा दिवस कळतांच तोही तेथेंच लिहावा. या दोन खुणांमध्यें किती दिवस आहेत तें मोजावें. तेवढेंच आपलें भांडवल.

मग सणाच्या दिवसापासून मागें मोजीत यावें. हें उलटें गणित आपल्या आज्यांना उत्तम येत असे. अनारशांचें उदाहरण घ्या. जुना तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचा आणि रोज त्याचें पाणी बदलावयाचें. चौथ्या दिवशीं तो उपसून कापडावर सावलींत पसरावयाचा. किंचित् ओलसर असतांनाच कुटून पीठ चाळावयाचें. त्यांत गूळ मिसळून गोळे करावयाचे आणि ते झांकून ठेवावयाचे. चार-पांच दिवस पीठ मुरलें म्हणजे खसखशीवर अनारसा थापून मंद आंचेवर तुपांत तळावयाचा. हें सारें नऊ-दहा दिवसांचें काम झालें. त्यांत हातांनीं करावयाचें थोडें. वाट पाहावयाची तीच अधिक. आणि हें वाट पाहणें कितीही पैसे टाकले तरी लवकर उरकत नाहीं. अनारसे हवे असतील तर तांदूळ दहा दिवस आधीं भिजलाच पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणणाराला अनारसा मिळत नाहीं.

टिकणारे जिन्नस आधीं आणि नाजूक जिन्नस शेवटीं, हा दुसरा नियम. शंकरपाळे, शेव, चिवडा, बेसनाचे लाडू हे चांगले टिकतात. तेव्हां ते आठवडाभर आधीं करून डब्यांत घट्ट झांकून ठेवावे. ओल्या नारळाच्या करंज्या लवकर आंबतात. त्या अगदीं शेवटीं कराव्या, किंवा सुक्या खोबऱ्याच्या करून निश्चिंत व्हावें. चकलीच्या भाजणीसाठीं तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरें हें निरनिराळें भाजून घ्यावें लागतें. तें काम परीक्षेच्या दिवसांतही एखाद्या रविवारीं उरकतां येतें. शेवटच्या आठवड्यांत गिरणीवर डब्यांची रांग लागते. आपला डबा त्या रांगेच्या आधीं तेथें जाऊन आला, तर एक संपूर्ण सकाळ वांचते.

मुलांनो, हाच नियम तुमच्या किल्ल्यालाही लागू आहे. किल्ल्यावर हिरवळ हवी असेल तर हळीव किंवा मोहरी चार-पांच दिवस आधीं पेरली पाहिजे. वसुबारसेच्या रात्रीं पेरलेलें बीं धनत्रयोदशीच्या सकाळीं उगवत नाहीं. मग हिरवा रंग दिलेला भुसा पसरून वेळ मारून न्यावी लागते, आणि मावळे बिचारे त्या भुशांत उभे राहतात. आकाशकंदील घरीं करावयाचा असेल तर कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ हीं आधीं जमवून ठेवावीं.

गांवीं जाणाऱ्यांनीं आणखी एक तारीख लिहून ठेवावी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगगाडीचें आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीं खुलें होऊं लागलें. पूर्वीं ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे दिवाळीच्या प्रवासाची तयारी गणेशोत्सवाच्या सुमारासच करावी लागते. त्या वेळीं हें सुचत नाहीं; लिहून ठेवलेलें असेल तरच आठवतें.

२. वांटणें

कामें मोजलीं, पण तीं एकाच्याच डोक्यावर राहिलीं, तर त्या यादीचा उपयोग एवढाच कीं, आपण किती थकणार हें त्या माणसाला आधींच कळतें! म्हणून मोजल्यानंतर वांटलें पाहिजे.

या बाबतींत आपल्याजवळ एक मोठा नमुना आहे, तो आषाढी वारीचा. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबा आरफळकर यांनीं शिस्त घालून दिली. हजारों माणसें दिवसेंदिवस चालतात. पण प्रत्येक दिंडीला आपला क्रमांक असतो. कोणती दिंडी रथाच्या पुढें आणि कोणती मागें, हें ठरलेलें असतें. मुक्काम ठरलेले, विसाव्याच्या जागा ठरलेल्या. म्हणूनच एवढ्या गर्दींतही वारकऱ्याच्या मुखावर घाई दिसत नाहीं; आपली जागा कोठें आहे, हें त्याला ठाऊक असतें.

त्या सोहळ्यांतील आणखी एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. सायंकाळीं मुक्कामाच्या तळावर समाजआरतीसाठीं सर्व दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार हातांतील दंड उंच करतो, आणि टाळ-मृदंगांचा गजर क्षणांत थांबतो. ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तेथें जातो आणि तक्रार ऐकून घेतो. तिचा निवाडा होतो, तेव्हां ते टाळही शांत होतात. हरवलेल्या व सांपडलेल्या वस्तूंची नांवें पुकारलीं जातात, दुसऱ्या दिवशीं निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती होते. दिवसाची तक्रार दिवस संपण्यापूर्वीं ऐकली जाते. ती मनांत सांठून पुढच्या मुक्कामाला जात नाहीं.

आपल्या घरांतही सणाच्या आठवड्यांत हीच रीत पाडावी. रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांनीं पाव घटका एकत्र बसावें. आज काय झालें, उद्यां काय करावयाचें, काय हरवलें, कोण थकलें, कोणाचें काय म्हणणें आहे, एवढेंच बोलावें. ज्याची तक्रार असेल त्याला आधीं बोलूं द्यावें. मध्यें कोणी बोलूं नये. दिवसभर न बोललेला राग बहुधा चुकीच्या माणसावर आणि चुकीच्या वेळीं बाहेर पडतो. त्याला सायंकाळची एक ठरलेली वेळ दिली, तर दुपारीं तो पुष्कळसा आवरतां येतो.

काम वांटतांना "जरा मदत कर" असें मोघम सांगूं नये. मोघम सांगितलेलें काम कोणाचेंच नसतें. "पणत्या तुझ्याकडे" असें सांगावें, आणि मग पणत्यांविषयीं सर्व कांहीं त्यानेंच पाहावें: त्या आणणें, तेल शोषूं नये म्हणून नव्या पणत्या कांहीं तास पाण्यांत भिजत घालून वाळविणें, वाती वळणें, सायंकाळीं लावणें, आणि रात्रीं विझल्या कीं नाहीं तें पाहणें. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हें काम सहज जमतें. पितळेचीं भांडीं चिंचेनें घासणें, शंकरपाळे कातणें, शेजारीपाजारीं फराळाचीं ताटें पोंचविणें, लहान भावंडांना सांभाळणें हीं कामेंही मुलांचींच. येथें मुलांनो म्हणतांना मी मुलगे आणि मुली दोघांनाही म्हणत आहें. लाडू खातांना जर मुलगा-मुलगी असा भेद नाहीं, तर लाडू वळतांना तो कोठून आला?

वडीलमंडळींनाही नम्रपणें एक विनंति करावीशी वाटते. वाणसामान, गॅसची टाकी, विजेच्या माळा, पाहुण्यांना स्टेशनावरून आणणें हीं कामें आपण करतां, हें खरें. परंतु यादी आपल्या सौभाग्यवतींच्या डोक्यांत आणि पिशवी आपल्या हातांत, एवढ्यानें काम वांटलें जात नाहीं. कोणतें काम केव्हां करावयाचें, हें लक्षांत ठेवणें हेंही एक काम आहे, आणि बहुधा तेंच अधिक थकविणारें असतें. तें डोक्यांतून काढून कागदावर आणावें आणि तो कागद सर्वांना दिसेल अशा ठिकाणीं भिंतीवर लावावा.

३. सोडणें

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. दर सणाला आपण एखादी नवी गोष्ट जोडतों, पण जुनी सहसा सोडीत नाहीं. घरांत तीन माणसें, पण फराळाचे जिन्नस नऊ. कारण पलीकडच्या घरीं आठ होतात! एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी मग गत होते.

यासाठीं एक सोपा उपाय आहे. नवरात्राच्या सुमारास घरांतील प्रत्येकाला विचारावें: "कोणती एक गोष्ट नसेल तर तुला दिवाळी दिवाळी वाटणार नाहीं?" उत्तरें ऐकून आश्चर्य वाटेल. कोणी म्हणेल, पहाटेचें उटणें. कोणी म्हणेल, किल्ला. कोणी म्हणेल, सगळ्यांनीं मिळून केलेला पहिला फराळ. एखादी आजी म्हणेल, लेकीचा फोन. या गोष्टींना फारसे पैसे लागत नाहींत, आणि फार श्रमही लागत नाहींत. त्या आधीं पक्क्या कराव्या. बाकीच्या जमल्या तर कराव्या. दोन जिन्नस घरीं केले आणि दोन ओळखीच्या गृहउद्योगांतून विकत आणले, तर त्यांत कमीपणा कसला? ज्या बायाबापड्या आपल्या कष्टानें फराळ करून विकतात, त्यांचीही दिवाळी त्यांतून साजरी होते.

पैशाच्या बाबतींतही तेंच. ऋण काढून सण करूं नये, ही म्हण आपण ऐकतों. पण पाळतों किती जण? दिवाळीच्या महिन्यांत हातीं थोडे अधिक पैसे येतात, आणि ते येण्यापूर्वींच मनांत खर्च झालेले असतात. कपडे, फराळ, प्रवास, भेटी, दानधर्म अशीं पांच पाकिटें करून त्यांत रक्कम आधींच घालून ठेवावी. एक पाकीट संपलें तर दुसऱ्यांत हात घालण्यापूर्वीं घरांतील दोघांनीं विचार करावा. मुलांनाही हा हिशेब दाखवावा. अंथरूण केवढें आहे हें ज्याला दाखविलेंच नाहीं, तो पाय पसरील तर त्याचा दोष नाहीं.

झोंप मात्र सोडूं नये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोंप हवी, असें वैद्यकशास्त्र सांगतें. पहाटें उठावयाचें तर रात्रीं लवकर निजलें पाहिजे. दुपारची एक घटकाही मोकळी ठेवावी. सन १९०९ मध्यें काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हांपासून फराळाच्या ताटाशेजारीं दिवाळी अंक ठेवण्याची आपली सुंदर चाल सुरू झाली. ज्या घरांत दिवाळी अंक उघडावयास कोणाला एक दुपार मिळत नाहीं, त्या घरांत कांहीं तरी जास्त झालें आहे असें समजावें.

४. चुकलें तर

एवढी व्यवस्था केली तरी कांहीं तरी चुकेलच. मनाची खरी परीक्षा तेथें होते. बहुतेक चुका दुरुस्त होतात. पाक जास्त पक्का होऊन लाडवाचें मिश्रण कोरडें झालें, तर कोमट दुधाचा हबका मारून पाहावा. चकली तेलांत विरघळूं लागली, तर मोहन जास्त झालें आहे असें समजून थोडी भाजणी आणखी मळावी. चकली पाडतांना तुटूं लागली, तर पाण्याचा हात लावून पीठ पुन्हां मळावें. आणि नाहींच साधलें, तर मोडक्या चकल्यांची चवही चांगलीच लागते.

कांहीं चुका मात्र घाईंतूनच जन्मतात, आणि त्यांची किंमत मोठी असते. झोंपेनें पेंगुळलेल्या माणसानें उकळत्या तेलाजवळ बसूं नये. कढईंतील तेलानें पेट घेतला, तर त्यावर पाणी कदापि ओतूं नये आणि कढई उचलूंही नये. गॅस बंद करून मोठें झांकण वर सरकवावें आणि तेल निवेपर्यंत तें काढूं नये. कोणाला भाजलें, तर तो भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या थंड पाण्याखालीं २० मिनिटें धरावा. बर्फ, तूप, दांत घासण्याची पेस्ट यांपैकीं कांहींही लावूं नये. मग स्वच्छ कापडानें सैलसर झांकावें. जखम मोठी असेल, किंवा चेहऱ्यावर वा हातावर असेल, तर दवाखाना गांठावा. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ आणि कोणत्याही संकटांत ११२ हे क्रमांक आहेत. ते मुलांनाही पाठ असावे. अशा वेळीं जो ओरडत धांवतो तो नव्हे, तर जो शांतपणें नळ सोडतो तो उपयोगी पडतो.

दिवाळीविषयीं हें लिहिलें; पण सण कोणाचाही असो, नियम तोच. गोव्यांतील ख्रिस्ती घरांत नाताळाला बेबिंका करतात. नारळाचें दूध, अंड्यांचा बलक, साखर आणि मैदा यांचा एक थर भाजून झाल्यावरच दुसरा ओतावयाचा असतो. असे सात-सात थर किंवा त्याहूनही अधिक. घाई केली तर थर एकमेकांत मिसळून जातात आणि बेबिंका राहत नाहीं. रमजान ईदचा दिवस चंद्रदर्शनावर ठरतो. तो एका दिवसानें पुढें-मागें होईल हें धरूनच मुसलमान घरांत शीरखुर्म्याची तयारी होते. एक थर झाल्यावर दुसरा, आणि दिवस थोडा हलला तरी मन न हलूं देणें, हे दोन्ही धडे आपल्या वर्गांतील मित्रांच्या घरींच शिकावयास मिळतात.

आतां राहिलेली गोष्ट सांगतों. पुढच्या वर्षीं वडिलांनीं जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत यादी लिहिली आणि प्रत्येक कामापुढें एकेकाचें नांव घातलें. अनारशांच्या तांदुळाचें पाणी बदलण्याचें काम माझ्याकडे आलें. पहिल्या दिवशीं मीं तें मोठ्या रुबाबांत केलें. पुढें किल्ल्याच्या नादांत दोन दिवस विसरलों. तांदुळाला वाईट वास येऊं लागला. रात्रीं सगळीं बसलीं तेव्हां मीं खालीं मान घालून तें सांगितलें. आई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि मग हंसून म्हणाली, "बरें झालें. माझे अनारसे असेही हंसतातच. यंदा त्यांना सुटी." अनारसा तुपांत पडतांच फुटून विस्कटला, म्हणजे 'अनारसा हंसला' असें म्हणतात, हें मला तेव्हां कळलें. त्या वर्षीं आमच्या घरीं अनारसे झाले नाहींत, आणि त्यांवांचून दिवाळीचें कांहीं अडलें नाहीं.

नरकचतुर्दशीच्या पहाटें मला जाग आली ती बहिणीच्या हांकेनें. बंब वडिलांनीं पेटविला होता. रांगोळी बहिणीनें काढली होती. पाटावर सर्वांच्या आधीं आई बसली होती, आणि पाठीमागें आजी तेलाची वाटी घेऊन उभी होती. आजीला नीट दिसत नव्हतें. तेल केंसांऐवजीं आईच्या कपाळावरून ओघळत होतें. आई डोळे मिटून हंसत होती. "सासूबाई, पुरे झालें," ती म्हणाली. "गप बैस," आजी म्हणाली, "गेल्या वर्षींचेंही आजच घालतें आहें."

मित्रांनो, भाऊबीज झाली कीं एक वही घ्या. पोहे किती लागले, काय उरलें, काय कमी पडलें, कोणतें काम कोणावर जास्त पडलें, हें एका पानावर लिहा. यंदाचें लिहावयाचें राहिलें असेल, तर आठवून आजच लिहा. आणि त्या पानाच्या अगदीं वर एक प्रश्न लिहून ठेवा: "गेल्या सणांत आपल्या घरीं कोणाचें डोकें कोरडें राहिलें?" त्याचें उत्तर तुम्हांला आज ठाऊक असेल, तर पुढच्या दिवाळीची तयारी सुरू झालीच.